राखीनंतरची तारीख

माझ्या गुडघ्यांना मी रोज शिव्या घालते, पण त्या दोघांनी मला कधी फसवलं नाही. दुखायचं असेल तर तोंडावर सांगून दुखतात. घरातली माणसं तशी नाहीत.

उन्हाळ्यापासून रोज सकाळी कौशिक मला व्यायाम शिकवायला घरी येतो. इथल्याच, जयपूरच्या विद्याधर नगरातल्या एका जिममधला ट्रेनर. दंड माझ्या मांडीएवढे, बोलणं मात्र गोड. त्याला आणलं माझ्या मुलानं, संकेतनं. डॉक्टर म्हणाले गुडघे बदला, मी म्हटलं मुळीच नाही. श्रावणात आमच्या सुनेची, तनयाची, पहिली मंगळागौर. जयपुरातल्या ओळखीच्या सगळ्या मराठी बायका जमणार, आणि मला तनयाबरोबर फुगडी घालायची आहे. माझ्या सासूबाईंनी माझ्याबरोबर घातली होती, भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, भांडी हलेपर्यंत. "ठीक आहे आई, मग व्यायाम करून बघू," संकेत म्हणाला, आणि मला वाटलं पोरगं शहाणं निघालं.

मग मी जीव ओतला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबली, पाय उचलून धरला, डोळ्यांत पाणी आलं तरी सोडला नाही. सगळ्यात अवघड असायचं ते शेवटचं, सतरंजीवरून उठणं. तेव्हा हे, म्हणजे माझे यजमान, पेपर बाजूला ठेवून खुर्चीतून हात पुढे करायचे. जन्मभर रेल्वेत गार्ड होते, पकड अजून तशीच आहे. मी उभी राहिले की कौशिक ओरडायचा, "वाह आंटीजी! सावन में फुगड़ी पक्की!"

काल मी सतरंजीवर पाय पसरून बसलेली असताना कौशिकनं एक वॉकर आणून माझ्यापुढे उघडला.

"ये किसलिए?"

"अभी से आदत डाल लो, आंटीजी. राखी के बाद बहुत काम आएगा."

"राखी के बाद क्या है?"

कौशिकनं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पेपर वर उचलला, तोंड झाकेपर्यंत.

मी कौशिकच्या मागेच लागले, तेव्हा तो बोलला. ऑपरेशन ठरलेलं होतं. त्याआधी पायांत ताकद यावी म्हणून हा सगळा व्यायाम. संकेतभैयांनी सांगितलं होतं, आंटीजींना कळू द्यायचं नाही, फुगडीचं बोलत राहायचं. एवढ्या दिवसांचा माझा घाम त्या ऑपरेशनच्या तयारीत गेला होता, आणि मी वेडी खुशीत होते. वाटलं ताडकन उठावं, आतल्या खोलीत जावं आणि दार असं आपटावं की गल्लीला कळावं. पण मला उठता कुठे येत होतं? तिथेच बसून राहिले.

संकेत ऑफिसला निघाला होता. बॅग खांद्याला तशीच ठेवून तो समोर उभा राहिला.

"आई, मतलब, सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? आणि मी मंगळागौर झाल्यावरचीच तारीख घेतलीय ना. सावन तर राखीला संपतो."

"इथल्यांचा संपतो. आपला नाही."

इथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. राखीला तो संपतो, तेव्हा आपला जेमतेम अर्धा झालेला असतो. तनयाची मंगळागौर मी राखीनंतरच्या मंगळवारी धरली होती.

"त्या मंगळवारी मी हॉस्पिटलात असेन, संकेत."

त्याचा चेहरा पडला. जन्म इथला, शाळा इथली, मित्र इथले. त्याला कुठला आलाय आपला श्रावण! "सॉरी आई, खरंच मला माहीत नव्हतं," तो म्हणाला, आणि ते मला पटलं. त्याच्यावरचा अर्धा राग तिथेच उतरला.

मग माझी नजर त्या पेपरवर गेली.

ह्यांना माहीत होतं. दरवर्षी राखीनंतर शेजारचे माथुरजी ह्यांना चिडवतात, "भाईसाहब, हमारे सोमवार हो गए, आपके अब तक चल रहे हैं?" आणि हे अभिमानानं साबुदाण्याची खिचडी खातात. इतकी वर्षं जयपुरात काढली, पण भुसावळचा श्रावण ह्यांनी एक दिवसही इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

"अहो, तारीख ऐकली तेव्हाच तुमच्या लक्षात आलं असेल ना?"

पेपर खाली आला. "इंदू, फुगडीत पडली असतीस तर? मी म्हटलं, आपोआप टळतंय तर टळू दे."

आपोआप! रोज सकाळी हात देऊन मला उठवणाऱ्या माणसानं माझी फुगडी मनातल्या मनात केव्हाच रद्द केली होती. आणि हात मात्र देत राहिला. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"भीती वाटत होती तर तसं म्हणायचं होतं. कडाकडा भांडले असते तुमच्याशी. गप्प कशाला बसलात?"

ह्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. मी संकेतकडे वळले.

"संकेत, ती तारीख रद्द कर. ऑपरेशन करायचं की नाही ते मंगळागौरीनंतर मी ठरवीन."

"बरं, ऊठ आता," हे हळूच म्हणाले, आणि नेहमीसारखा हात पुढे केला.

मी वॉकर जवळ ओढला. "कौशिक, इसको कस के पकड़ो," म्हटलं, गुडघे सतरंजीवर टेकवले आणि जोर लावला. कळ थेट डोक्यात गेली. उभी राहिले.

ह्यांचा हात तसाच पुढे होता.