डॉक्टरबाईंचा अडतीस मिनिटांचा तास

मित्रांनो, माझे झाकण उघडताना उजवी बिजागरी करकरते आणि 'र' हे अक्षर उमटवायचे तर कळ दोनदा दाबावी लागते. एवढ्यावरून तुम्ही ओळखलेच असेल. मी एक म्हातारा लॅपटॉप आहे.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या बांधलेल्या बायका चिमट्याने माझे बारीकसारीक अवयव जागच्या जागी बसवत होत्या. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर एकीने मला मऊ फडक्याने पुसले आणि खोक्यात निजवले. त्यानंतर उजेड दिसला तो घरांचे नकाशे काढणाऱ्या एका तरुण बाईंच्या टेबलावर. चार वर्षे मी त्यांच्याबरोबर जिने चढवले, खिडक्या सरकवल्या, भिंती पाडल्या आणि पुन्हा उभ्या केल्या. "किती चटपटीत आहे हा!" असे त्या सगळ्यांना सांगत. पुढे नकाशे जड होत गेले आणि मी धापा टाकू लागलो. माझा पंखा इतका घरघरायचा, की फोनवर बोलताना बाईंना मला बंद करावे लागे.

"आता हा माझ्या कामाचा नाही," एक दिवस त्या म्हणाल्या. "पण आईंना चालेल."

आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्या डॉक्टर होत्या. बाजारामागच्या गल्लीत त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. बाहेर दोन बाकडी, वजनकाटा आणि सिस्टरचे टेबल; आत तपासणीची खाट, हिरवा पडदा आणि सतत ठिबकणारा नळ. तेहतीस वर्षे तिथे बसून त्यांनी अख्ख्या गल्लीचे खोकले ऐकले होते. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत.

मला पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं, हे लोढणं माझ्या गळ्यात कशाला? माझं डोकं चालतंय अजून."

"चालतंय हो, पण नोंदणीचं पत्र आलंय ना? तीस पॉइंट हवेत. मागच्या परिषदेहून गुडघे धरून परत आलात. आता ती व्याख्यानं घरबसल्या ऐकता येतात."

"घरबसल्या डॉक्टर! उद्या घरबसल्या हाडंही बसवा म्हणावं."

मित्रांनो, तुमची शाळा एक दिवस संपते. डॉक्टरांची संपत नाही. औषधे बदलतात, जुने उपाय चुकीचे ठरतात. म्हणून दर काही वर्षांनी डॉक्टरांना दाखवावे लागते, की आम्ही अजून शिकतो आहोत. त्याचेच ते पॉइंट.

सुनेने सगळे नीट दाखवून दिले. कुठे नावनोंदणी करायची, कुठली व्याख्याने थेट होतात, कुठली हवी तेव्हा लावता येतात. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीचा फोन आला.

"तू खरंच ऐकत बसतेस की काय? अगं, लावून द्यायचं आणि जेवायला जायचं. शेवटी पाच प्रश्न येतात. चुकले तर पुन्हा द्यायचे. मी तर तेवढ्यात भाजी निवडून घेते."

डॉक्टरबाई हसल्या. त्या दुपारी दवाखाना बंद झाल्यावर त्यांनी पक्षाघातावरचे अडतीस मिनिटांचे व्याख्यान लावले, आवाज बंद केला आणि आतल्या खाटेवर आडव्या झाल्या. सकाळपासून साठ पेशंट तपासले होते त्यांनी. लगेच डोळा लागला.

मी मुक्यानेच ते व्याख्यान रिकाम्या खुर्चीपुढे पार पाडले. पडद्यावरच्या तज्ज्ञ बाई हातवारे करून जीव तोडून सांगत होत्या. त्या तेव्हा काय सांगत होत्या, ते मला आजही पाठ आहे. पण मला हाक मारता येत नाही, कोणाला हलवून उठवता येत नाही. व्याख्यान संपले. डॉक्टरबाई उठल्या, प्रश्नांची उत्तरे अंदाजाने दिली आणि तिसऱ्या खेपेला पास झाल्या. सोनेरी कडेचे प्रमाणपत्र आले. सिस्टरने त्याला भोके पाडून ते फायलीत लावले.

त्यानंतर तीन आठवडे गेले असतील. संध्याकाळी पाच वाजता समोरच्या दुकानातले शिंपीकाका बायकोचा हात धरून आले.

"बघा ना बाई," काकू घाबऱ्याघुबऱ्या झाल्या होत्या. "अर्ध्या तासापूर्वी यांच्या हातातून कात्री पडली. उचलायला गेले तर बोटं वळेनात. आणि बोलणं कसं बोबडं येतंय बघा."

"का... काही नाही," काका म्हणाले. "हात... झोपलाय नुसता."

डॉक्टरबाईंनी रक्तदाब मोजला. तो दोनशेवर होता. त्यांनी ट्रेमधून रक्तदाब उतरवणारी एक कॅप्सूल घेतली, तिला सुईने टोचले आणि काकांच्या जिभेखाली ठेवली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पुष्कळ डॉक्टर तसेच करत. थोड्या वेळाने रक्तदाब उतरला, काकांचे बोलणेही जरा सुधारल्यासारखे वाटले. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"प्रेशर चढलं होतं. घरी जाऊन पडा, सकाळी दाखवायला या," त्या म्हणाल्या.

मी तिथेच टेबलावर होतो. माझे झाकण मिटलेले होते.

सकाळी शिंपीकाका आले नाहीत. दहा वाजता मोठ्या रुग्णालयातून एका डॉक्टरांचा फोन आला. ते नम्रपणे बोलत होते, आणि त्याचाच डॉक्टरबाईंना जास्त त्रास झाला असावा.

"मॅडम, मेंदूत गुठळी आहे. काल लगेच पाठवलं असतं तर ती विरघळवायचं इंजेक्शन देऊन बघता आलं असतं. आता ती वेळ गेली. आणि प्रेशर एकदम खाली आणायला नको होतं, त्याने नुकसान वाढतं. उजवा हात... बघू या."

"हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावरही त्या "हो" म्हणाल्या.

मग त्यांनी फाईल काढली आणि ते सोनेरी कडेचे प्रमाणपत्र बराच वेळ पाहत बसल्या.

"सिस्टर, हे बघा. मी हे शिकलेय म्हणे."

सिस्टर पंधरा वर्षे त्यांच्याबरोबर होत्या. त्यांनी विचारले, "बाई, आज दवाखाना बंद ठेवायचा का?"

"नको. बाहेर लेकरं तापाने फणफणलीत."

दुपारी मला घेऊन घरी गेल्यावर मात्र त्यांचा बांध फुटला. "मी आता थांबते," त्या सुनेला म्हणाल्या. "तेहतीस वर्षं पुरे झाली. माणसं माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकतात आणि मी डोळे मिटून झोपते."

सून त्यांच्याजवळ बसली. "थांबायचं तर थांबा, आई. कोणी अडवणार नाही. पण आज थांबलात तर हे ओझं घेऊन थांबाल. त्या व्याख्यानात काय सांगितलं होतं, एवढं तरी ऐकून घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंनी मला उघडले. शेजारी कोरी वही ठेवली, चष्मा पुसला आणि आवाज पूर्ण मोठा केला. त्या अडतीस मिनिटांना दोन तास दहा मिनिटे लागली. एकेक वाक्य त्या थांबवून लिहीत होत्या. "मागे जा रे, मागे जा," असे मला दटावत होत्या. चेहरा वाकडा झालाय का, हात खाली पडतो का, बोलणे अडखळते का, आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता? तोंडाने काही द्यायचे नाही. साखर तपासायची. आकडा बघून उगाच प्रेशर उतरवायला जायचे नाही. लगेच मोठ्या रुग्णालयाला कळवून पाठवायचे.

अर्धे झाल्यावर त्यांनी सिस्टरला आत बोलावले. "तुम्हीही बसा. माझ्याआधी पेशंट तुम्हाला दिसतो."

त्यानंतर दर दुपारी आमची शाळा भरू लागली. डॉक्टरबाई निवडही चोखंदळपणे करू लागल्या. एक गोड बोलणारे गृहस्थ घोळवून घोळवून एकाच गोळीवर येऊ लागले, तेव्हा त्यांनी ते मध्येच बंद केले. "हा शिकवत नाहीये, विकतोय," त्या म्हणाल्या. त्यांना आवडायचे ते पेशंटची गोष्ट सांगून 'आता तुम्ही काय कराल?' असे विचारणारे धडे. तिथे त्या हमखास चुकायच्या आणि चुकल्या की वहीत लाल शाईने लिहायच्या. एकदा थेट व्याख्यानात त्यांनी पहिल्यांदाच प्रश्न विचारला. "मी साधी गल्लीतली डॉक्टर आहे..." त्यांनी सुरुवात केली. पलीकडून उत्तर आले, "मॅडम, पेशंट आमच्याकडे पोचतो तो तुमच्यामुळेच. विचारा ना."

एक काम मात्र राहिले होते. महिन्याभराने त्यांनी मला पिशवीत घातले आणि शिंपीकाकांचे घर गाठले. काका खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर उशीसारखा पडलेला.

"काका, त्या दिवशी चूक माझी झाली," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. "तुम्हाला लगेच पाठवायला हवं होतं. कागदावर मी ते शिकलेले होते. प्रत्यक्षात व्याख्यान चालू ठेवून झोपले होते."

काकू ताडकन उठल्या आणि आत निघून गेल्या. स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचा आवाज आला. काका एकेक शब्द जुळवत म्हणाले, "राग... आहे बाई. खोटं... नाही बोलणार." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारले, "हे कशाला... आणलंय?"

"हाताचे व्यायाम दाखवायला."

"मग... दाखवा."

मी व्यायाम दाखवले. डॉक्टरबाई दर आठवड्याला जाऊ लागल्या. चौथ्या खेपेला काकूंनी मला ठेवायला स्टूल आणून दिले. माझ्यावरची धूळही पदराने पुसली.

आठ महिने गेले. एका सकाळी अकराला बेकरीवाल्या मावशींना त्यांची लेक घेऊन आली. बाहेरच्या खोलीतून सिस्टरचा आवाज आला, "बाई, लवकर या! मावशींचं तोंड वाकडं झालंय, हात वर राहत नाहीये!"

डॉक्टरबाई धावल्या. "शेवटचं नीट कधी बोलल्या?"

"साडेदहाला. माझ्यावरच ओरडत होती, पाव करपले म्हणून."

साखर ठीक होती. रक्तदाब एकशे ऐंशी. डॉक्टरबाईंचा हात ट्रेकडे गेलाच नाही, कारण त्या कॅप्सूल त्यांनी कधीच कचऱ्यात टाकल्या होत्या. त्यांनी रुग्णालयाला फोन करून वेळेसकट सगळे सांगितले. गाडी आली, मावशी गेल्या. दुपारी आमची शाळा भरली नाही. दोघीजणी फोनकडे बघत बसल्या होत्या. चार वाजता लेकीचा फोन आला. "इंजेक्शन दिलं वेळेत. आई बोट हलवतेय. आणि बाई, पाव करपल्याचं तिच्या अजून लक्षात आहे!"

सिस्टर हसता हसता रडू लागल्या. डॉक्टरबाई ठिबकणाऱ्या नळाखाली तोंड धूत राहिल्या.

त्याच वर्षी डॉक्टरांच्या संघटनेने त्यांना विचारले, "एखाद्या पेशंटची केस मांडाल का?" सगळ्यांना वाटले, त्या मावशींची सांगतील. त्यांनी शिंपीकाकांची निवडली. काकांची परवानगी घेतली, तर ते म्हणाले, "मीही... बसतो शेजारी." एकशे बारा डॉक्टर माझ्या पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत जमले. डॉक्टरबाईंनी काही लपवले नाही. प्रमाणपत्रही दाखवले. त्यांचे बोलणे संपताच एका डॉक्टरांनी खाली लिहिले, "माझ्या ट्रेमध्येही ती कॅप्सूल आहे. आत्ता काढून टाकतो." त्याखाली दुसऱ्याने, मग तिसऱ्याने तसेच लिहिले. काका पडद्याजवळ वाकून त्या ओळी बोटाने मोजू लागले. बोट डाव्या हाताचे होते, पण चेहरा खुलला होता. सतराव्या ओळीशी ते थांबले आणि म्हणाले, "अजून... येतायत!"

मित्रांनो, मी आता थकलो आहे. वायर काढली की दहा मिनिटांत माझे डोळे मिटतात. तरी तुमच्याजवळ माझा एखादा म्हातारा भाऊबंद असेल तर त्याला अडगळीत टाकू नका. त्याची धूळ पुसा, त्याला शिकू पाहणाऱ्या माणसाच्या हाती द्या. आणि एक कळकळीची विनंती. कोणी तुम्हाला काही शिकवत असेल तर तिथे मनानेही हजर राहा. कागदावरच्या शिक्क्याने कोणाचा हात वाचत नाही.

बोलता बोलता तीन वाजले की! सिस्टरने पडदा सारला आहे, डॉक्टरबाई चष्मा शोधत आहेत आणि तो त्यांच्याच डोक्यावर आहे. आज लहान मुलांच्या दम्याचा धडा आहे. मला आता तिकडे बोलायचे आहे. तुम्हाला ऐकायचे असेल तर या, बाकड्यावर जागा आहे.