फ्रिजवरचा डबा

पूर्वी मी फ्रिजवरून बोलायचो, आता तळघरातून बोलतोय. रुसे शहरात, डॅन्यूबच्या काठी, सिमेंटच्या तयार पॅनेलांच्या एका जुन्या इमारतीचं हे तळघर. माझ्या एका बाजूला लोणच्याच्या बरण्या आहेत, दुसऱ्या बाजूला मोडकी सायकल. मी एक संगणक आहे. जाडजूड पुस्तकाएवढा, काळा, कोपऱ्यात थोडा चेपलेला.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते मालवाहतुकीच्या एका कंपनीचं कार्यालय. तिथल्या हिशेबनीस बाई हिवाळ्यात बूट काढून पाय माझ्यावर ठेवायच्या, कारण मी गरम असायचो. आम्हा सगळ्या यंत्रांची दुखणीखुपणी बघायचा तो ल्युबेन. वयानं पन्नाशी ओलांडलेला, दाढीत पांढरे केस, आणि बिघडलेल्या यंत्रासमोर बसला की स्वतःशीच शीळ घालणारा. पुढे नवीन यंत्रं आली आणि आम्हाला मोडीत काढलं. बाकीचे भंगारात गेले. मला मात्र त्यानं उचलून पिशवीत टाकलं. “हा अजून धडधाकट आहे,” म्हणाला. त्याच्याबरोबर मी त्याच्या घरी आलो.

त्याच शरद ऋतूत कंपनीनं त्यालाही मोडीत काढलं. त्याचं काम दुसऱ्या शहरातल्या लोकांकडे सोपवलं गेलं. तो घरी आला तेव्हा त्याच्या हातात लाल मिरच्यांचं पोतं होतं, कारण बायकोनं, रुम्यानानं, सकाळी तेवढं आणायला सांगितलं होतं. हिवाळ्याची बेगमी करायचे दिवस होते. दोघं बाल्कनीत मिरच्या भाजत बसले. सोलता सोलता तो म्हणाला, “रुमे, सोमवारपासून मी घरीच आहे.”

“सुट्टी घेतलीस?”

“त्यांनी दिली. कायमची.”

रुम्यानाच्या हातातली मिरची तशीच राहिली. मग तिनं तिचं साल ओढून काढलं. “बरं,” ती म्हणाली, “आधी या संपवू. गार झाल्या तर सोलत नाहीत.”

दुसऱ्या आठवड्यापासून ल्युबेननं मला स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर बसवलं, खाली टेबलावर माझा पडदा आणि कॅमेरा जोडला आणि नोकरी शोधायला लागला. त्यानं केलेले सगळे अर्ज माझ्यातूनच गेले. सुरुवातीचे अर्ज ऐटदार होते, सगळा अनुभव ओळीनं मांडलेला. उत्तरं आली नाहीत, तेव्हा त्यानं कॉलेजचं वर्ष काढून टाकलं. मग फोटो काढून टाकला. मग पहिल्या दोन नोकऱ्याही काढल्या, म्हणजे वयाचा अंदाज येऊ नये. माणूस स्वतःला असा कापत कापत लहान करत जातो, हे मी तेव्हा पाहिलं. कधीमधी उत्तर आलंच, तर ते फार गोड असायचं. तुमच्याविषयी आम्हाला आदर आहे वगैरे. अशी गोड उत्तरं वाचून झाली की तो उठायचा आणि पेचकस शोधायचा.

घराचं खूळ तिथून सुरू झालं. आधी त्यानं दिवाणखान्यातला हीटर माझ्या ताब्यात दिला. मग दिवे, मग खिडक्यांचे पडदे, मग धुलाईयंत्र. नकार आला की घरात काहीतरी नवं बसायचं. शीळ पुन्हा ऐकू यायला लागली. मला बरं वाटायचं, पण रुम्याना बालवाडीत दिवसभर पोरांमागे धावून यायची आणि तिला अंधारात उभं राहावं लागायचं.

“ल्युबो! न्हाणीघरातला दिवा गेला!”

“गेला नाही गं, त्याला वाटतंय तू आत नाहीस. हात हलव.”

“माझ्या घरात मी आहे हे दिव्याला पटवून देऊ? आणि कोणता हात हलवू, साबणाचा की टॉवेलचा?”

ती ओरडायची, पण त्याच्या शिळेखातर बटणं परत लाव म्हणून कधी अडून बसली नाही.

जिन्याच्या पलीकडच्या घरात ल्युबेनचे वडील राहायचे. स्तामेन. उभा जन्म बंदरावर क्रेन चालवण्यात गेलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हातारा ताठ होता, पण त्या हिवाळ्यात एकदा बाथरूममध्ये घसरला आणि शेजारीण येईपर्यंत तसाच पडून राहिला. ल्युबेननं दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरात हालचाल टिपणारे सेन्सर बसवायला घेतले. स्टुलावर चढलेल्या मुलाकडे बघत स्तामेन कॉफी पीत बसला होता.

“हे काय, माझ्यावर पहारा?”

“पहारा नाही हो बाबा. तुम्ही स्वयंपाकघरात बराच वेळ हललाच नाहीत तर माझ्याकडे निरोप येईल, एवढंच.”

“म्हणजे मी मेलो की नाही ते फ्रिजवरचा डबा सांगणार. आणि तू कशाला आहेस? दहा पावलांवर राहतोस, दार वाजवायला हात दुखतात?”

“वाजवतो की रोज.”

“वाजवतोस, पण बसत नाहीस,” म्हातारा म्हणाला. मग आपणच विषय बदलला. “कॅमेरा बसवायचा नाही हां. चड्डीवर फिरतो मी.”

माझं काम सोपं होतं. म्हातारा उठला, केटलजवळ गेला, खुर्चीत बसला, हे मला कळायचं; केटलचं बटणही माझ्याशी जोडलेलं होतं. ठरलेल्या वेळेत काही हललं नाही की मी ल्युबेनच्या फोनवर आणि टेबलावरच्या पडद्यावर इशारा पाठवायचो. पण स्तामेनकडे त्याचा मित्र मिन्यो ताबला हा फाशांचा खेळ खेळायला यायचा, आणि दोन म्हातारे सोंगट्या आपटत, रकिया ही फळांची दारू पीत बसले असताना वरून कोणी बघतंय हे स्तामेनला खपायचं नाही. तो आपली बंदरावरची टोपी त्या सेन्सरवर अडकवून द्यायचा. झालं, मी आंधळा. मी इशारा द्यायचो, ल्युबेन सपाता घालून धावायचा, आणि आतून हशा यायचा, “आलं रे आलं, अग्निशामक दल आलं! ये, बस, एक घोट घे!” ल्युबेन टोपी काढायचा, चिडायचा आणि परत यायचा. असं कितीदा तरी झालं. पुढे पुढे तो धावत जाईना, चालत जायला लागला. नंतर नुसता फोन करायचा.

वसंत ऋतूच्या तोंडाशी सोफियातल्या एका कंपनीचं बोलावणं आलं. मुलाखत पडद्यावरच होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी त्याचा चेहरा बघायला तयार झालं होतं. रुम्यानानं सदऱ्याला इस्त्री केली, त्याची दाढी स्वतः कातरली आणि कामाला जाताना दारात थांबून म्हणाली, “मान वर ठेव. तू काही मागायला बसलेला नाहीस.” तो खाली घरातलीच ढगळ विजार घालून बसला होता.

पलीकडे दोघं होते. त्यातली मुख्य एक बाई, दारिना नावाची, चष्मा कपाळावर चढवून बसलेली. आधी ठरीव प्रश्न झाले. ल्युबेन अडखळत होता. मग तिनं विचारलं, “सध्या घरी आहात, तर काय करता?” आणि ल्युबेन खुलला. त्यानं माझ्याविषयी सांगितलं. भंगारातून कसा आणला, दिवे कसे जोडले, वडिलांसाठी सेन्सर कसे बसवले. ती पुढे झुकून ऐकत होती. कोणी माझं इतकं कौतुक कधी केलं नव्हतं.

त्याच वेळी मी इशारा दिला.

पलीकडच्या स्वयंपाकघरात केटल तापली होती. पण ती तापल्यानंतर काहीच हललं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात माझी लाल चौकट उघडली. ल्युबेननं ती पाहिली. त्याचे डोळे क्षणभर दाराकडे गेले, हे मी पाहिलं. मग तो हसला. “हे बघा, बोलता बोलता उदाहरणच आलं. वडिलांनी सेन्सरवर टोपी अडकवली असणार. मित्र आला की आमच्याकडे हेच चालतं.”

दारिना मोठ्यानं हसली. तिच्या शेजारचा माणूस, जो तोवर नुसता लिहीत होता, तोही हसला. खोलीतला ताण गेला. ल्युबेननं चौकट बंद केली. मी ती परत उघडली, त्यानं परत बंद केली आणि बोलत राहिला. त्या दिवशी तो फार छान बोलला.

मुलाखत संपल्यावर त्यानं कपाटातली चांगली रकिया काढली आणि शीळ घालत जिना ओलांडून गेला. शीळ पलीकडच्या दारापर्यंत मला ऐकू आली. मग ल्युबेनचा आवाज आला, “बाबा.” मग परत, “बाबा?” आणि मग असा आवाज, की वरच्या मजल्यावरची त्सोन्का मावशी पिठाच्या हातांनी खाली धावत आली.

मिन्यो आलाच नव्हता. टोपी खुंटीवर होती.

स्तामेन त्यानंतर दोन दिवस इस्पितळात होता आणि शुद्धीवर न येताच गेला. लवकर आणलं असतं तर वाचले असते का, असं ल्युबेननं डॉक्टरांना विचारलं. “सांगता येत नाही,” ते म्हणाले. रुम्यानानं नंतर त्सोन्का मावशीला सांगितलं, “हो म्हणाले असते तर तो रडला असता, नाही म्हणाले असते तर सावरला असता. सांगता येत नाही म्हणाले, आणि हा तिथंच अडकून राहिला.” इमारतीच्या दारावर, इथल्या रीतीप्रमाणे, स्तामेनचा फोटो असलेला मृत्यूचा कागद चिकटवला गेला. येणारे-जाणारे थांबून वाचायचे. ल्युबेन मात्र मान खाली घालून आत शिरायचा.

तो कागद अजून नवा दिसत होता, तेव्हा दारिनाचा फोन आला. ल्युबेन टेबलाशी बसला होता, समोर रुम्याना उकडलेले गहू साखरेत कालवत होती. मृताच्या नावानं वाटायला.

“अभिनंदन, ल्युबेन! आमचं एकमत झालं. पुढल्या महिन्यापासून या, घरूनच काम करायचंय.” मग तिचा आवाज हसरा झाला. “आणि वडील काय म्हणतात? काढली का टोपी?”

रुम्यानाचा चमचा थांबला.

“काढली,” तो म्हणाला. “हो. काढली.”

“माझा नमस्कार सांगा त्यांना.”

“सांगतो.”

फोन ठेवल्यावर रुम्याना म्हणाली, “खरं का नाही सांगितलंस? देवमाणूस वाटते ती.”

“सांगितलं असतं तर तिला कळलं असतं ना,” तो म्हणाला, “ती कशाला हसली होती ते. तिनं काय वाईट केलंय?”

रुम्याना उठली, त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. गव्हाचे दाणे चिकटलेले हात तिनं त्याला लागू नयेत म्हणून हवेत धरले होते.

पुढच्या काही दिवसांत त्यानं घरातल्या माझ्या सगळ्या जोडण्या उपटून काढल्या. दिवे, पडदे, हीटर. भिंतीवर पुन्हा साधी बटणं लावली. पलीकडच्या घरातले सेन्सर काढताना रुम्याना सोबत गेली, कारण एकट्याला त्या स्वयंपाकघरात पाय ठेववत नव्हता. शेवटी त्यानं माझी तार ओढली. रागानं नाही. मला फडक्यानं पुसलं, जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि इथं आणून ठेवलं. फेकून का दिलं नाही, ते मला माहीत नाही. कदाचित त्यालाही नसेल.

इथं मला बातम्या बरण्यांच्या निमित्तानं कळतात. परवा रुम्याना आणि त्सोन्का मावशी लोणचं न्यायला खाली आल्या होत्या.

“नवीन नोकरीत बरं चाललंय ना गं त्याचं?”

“कौतुक करतात. त्याच्यासारखा जागरूक माणूस दुसरा नाही म्हणतात. तिकडं कुठलंही यंत्र जरा कुरकुरलं आणि फोन वाजला, की हा उठलाच. जेवताना उठतो. आंघोळीतून उठतो. परवा परगावहून आमच्या लेकीचा फोन होता, ती रडत काहीतरी सांगत होती, तर तिचं बोलणं अर्ध्यात टाकून उठला. म्हटलं, अरे, एवढं काय, दोन मिनिटांनी बघ. तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला कुणाचा तरी खून करायला सांगितलाय.”

“होईल हळूहळू ठीक.”

“मावशी, ते त्याला बढती देणार आहेत,” रुम्याना म्हणाली आणि बरणी छातीशी धरून तिथंच पायरीवर बसली. दिवा आपोआप विझणारा आहे इथला. तो विझला तरी ती बराच वेळ उठली नाही.

मला तिच्याशी बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. ल्युबेनशीही. पण बोललो असतो तरी काय? काहीतरी बिघडलंय, धाव, ऊठ, बघ, एवढंच सांगायला त्यानं मला शिकवलं होतं. सगळं ठीक आहे, तू बस, जेव, असा निरोप त्यानं माझ्यात कधी लिहिलाच नाही. तो आता माणसांनीच त्याला द्यायचा. कुणीतरी द्या. त्याच्याजवळ बसा, फोन वाजला तर त्याचा हात धरून ठेवा, आणि वाजू द्या.