शेवटच्या शब्दापुरता

रॅपच्या कार्यक्रमात एक जण गातो आणि एक जण उड्या मारतो. उड्या मारणारा मी, सिद्राम. दिपकची ओळ संपत आली की तिचा शेवटचा शब्द मी त्याच्याबरोबर ओरडायचा. तेवढ्यात तो श्वास घेतो आणि पुढच्या ओळीत शिरतो. कडवं संपलं की शेवटचा शब्द पब्लिककडून दोनतीनदा म्हणवून घ्यायचा, पब्लिक पेटवत ठेवायचं. याला हाइपमॅन म्हणतात. वस्तीतली पोरं मला शेपूट म्हणतात. म्हणोत बापडी.

जयंतीच्या आठवड्यात वस्तीच्या मैदानावर आमचा कार्यक्रम होता, आणि सकाळपासून मी चारदा मैदानावर जाऊन स्टेज बघून आलो होतो. कारण दिपकची आई, विठामावशी, पहिल्यांदाच आमचं गाणं बघायला येणार होती. मावशी घरी विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. मी तिला सुपाशिवाय कधी पाहिलेलंच नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तिनं दिपकसाठी जागा बोलून ठेवली होती.

"येती मी, बघती तुमचं काय हाय ते," ती म्हणाली होती. "न्हाय पटलं, तर सोमवारपासनं कारखाना. मग रडायचं न्हाय."

दिपक कारखान्यात गेला की बारा तासांची पाळी. मग कुठलं रॅप आणि कुठला मी? शेपूट एकटं स्टेजवर काय करणार?

आणि या शहाण्यानं आदल्या दिवशी मिरवणुकीत घोषणा देऊन देऊन घसा बसवून घेतला होता. मी दोनदा म्हणालो होतो, "बास कर की, उद्या आई येणार हाय." ऐकेल तर दिपक कसला! दिवसभर मी त्याला मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, ज्येष्ठमध चघळायला दिलं. संध्याकाळी स्टेजमागं विचारलं, "कसं हाय?" तर तो "बरं" म्हणाला, आणि ते 'बरं' इतकं घोगरं होतं की मी ज्येष्ठमधाची आणखी एक काडी त्याच्या तोंडात कोंबली.

पहिली दोन गाणी मी ओढून नेली. नेहमीच्या दुप्पट उड्या मारल्या, दुप्पट ओरडलो. मावशी पहिल्या रांगेत खुर्चीवर, पदर घट्ट धरून. चेहऱ्यावरून काही कळेना. माझं अर्धं लक्ष तिच्याकडेच.

तिसरं गाणं आईवरचं. ते तिच्या समोर म्हणायला दिपक तसाही घाबरत होता. बीट पेनड्राइव्हवर, सुरू झालं की कुणासाठी थांबत नाही. दिपकनं तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. परत उघडलं, तेच. त्यानं माझ्याकडे बघून खूण केली, तू म्हण.

मी माइक तोंडाशी नेला आणि तिथंच अडकलो. दोन वर्षं मी हे गाणं करतोय. पण ओळीचा सुरुवातीचा भाग दिपक म्हणत असतो तेव्हा मी पब्लिककडे बघत असतो, दम घेत असतो. माझ्या तोंडात फक्त शेपट्या होत्या. आई, न्हाई, वास, घास. त्यांच्या आधी काय येतं ते मला येतच नव्हतं.

मागून कुणीतरी शिट्टी मारली, पोरं हसायला लागली. आता मेलो, असं वाटलं. आणि मावशीकडे बघितलं तर तिचे ओठ हलत होते. एका खोलीचं घर. दिपक कोपऱ्यात बसून ओळी पाठ करायचा तेव्हा ती तिथंच विड्या वळत असायची. सगळं गाणं तिच्या कानात मुरलेलं.

मी स्टेजवरून उडी टाकली आणि माइक तिच्या तोंडासमोर धरला. "मावशी, म्हना की! पाया पडतो."

तिनं एकदा स्टेजवर लेकाकडे बघितलं. मग गाणं न गाता, शेजारणीला सांगावं तशी म्हणाली, "पहाटंला उठून पान भिजवती आई..."

"आई!" मी ओरडलो.

"सुपाम्होरं बसली की उठायला सवड न्हाई."

"न्हाई!" आता मैदानही ओरडलं.

"बोटाला तंबाखू, तिच्या भाकरीला वास. पोरगं म्हनतंय आई, घे की एक घास."

बीट कुठं आणि ती कुठं! पण पब्लिक उभं राहिलं होतं. मी रडत होतो आणि उड्याही मारत होतो.

"ऐक माझं आई आता, वाजव एक टाळी," ती म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटची एकच ओळ उरली, आणि ती गप्प झाली. माझ्या हातातून माइक घेऊन तिनं तो स्टेजकडे, दिपककडे केला. "ह्ये मी कशी म्हनू? ह्ये त्येनं म्हनायचं."

दिपक वाकला, माइकशी तोंड नेलं. फाटक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "उद्यापासनं सूप तुझं ठेव की गं खाली."

"खाली!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. हात वर केले, पब्लिककडून म्हणवून घेतलं. परत. परत. अख्खी वस्ती ओरडत होती, खाली, खाली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी हाइप.

घरी जाताना मावशी म्हणाली, "सोमवारचं ऱ्हाऊ दे. गात जा तुमी." मी रस्त्यातच नाचलो. दिपक काही बोलला नाही. घसा बसलाय, असं मला वाटलं.

सोमवारी सकाळी सरावाला हाक मारायला गेलो. मावशी उंबऱ्यात बसली होती, मांडी रिकामी. सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

"दिपक कुटंय?"

"गेला की, सायकल घिऊन. कारखान्यात."

"पण तुमी तर नको म्हनला हुता!"

"मी लई सांगितलं. त्यो म्हनला, सिद्रामनं सगळ्या वस्तीकडनं 'खाली' म्हनवून घेतलंय. आता मागं कसं फिरू?"

मी तिच्या शेजारी उंबऱ्यात बसलो.