एकसष्ट प्रश्न

“वनस्पती आपलं अन्न स्वतः तयार कर...?”

“...तात!” चाळीस गळे एकदम.

“त्यासाठी त्यांना सूर्यप्रकाश ला...?”

“...गतो!”

वर्ग कसा तालात चालला होता. विज्ञानाच्या बाई वाक्य शेपटापर्यंत आणून सोडायच्या आणि मुलं ते शेपूट झेलायची. मुलं माघारी त्यांना ‘गाळलेली जागा’ म्हणत. शेवटच्या बाकावर बसून मुख्याध्यापिका कागदावर रेघा ओढत होत्या.

तास संपल्यावर त्या म्हणाल्या, “बाई, एकसष्ट प्रश्न विचारलेत तुम्ही.”

बाईंची मान ताठ झाली.

“साठांना मुलांनी शेवटची दोन अक्षरं दिली. एकसष्टावा होता, ‘पंखा कोणी बंद केला?’ त्यावर मात्र वर्गाने खोल विचार केला.” मुख्याध्यापिका हसल्या नाहीत, म्हणून बाईंनाही हसता येईना. “शनिवारी पुन्हा बसते. मुलांना डोकं चालवावं लागेल असा एक तरी प्रश्न ऐकू दे. नाहीतर पुढच्या वर्षी दहावी नव्या सरांना द्यावी लागेल.”

पुढचं वर्ष बाईंचं नोकरीतलं शेवटचं. दहावी काढून घेतलेली बाई म्हणजे शिक्षकखोलीतलं जुनं कपाट. कोणी हलवत नाही, उघडतही नाही.

घरी जेवताना त्यांनी विचारलं, “मीठ जास्त पड...?”

“लंय,” नवरा म्हणाला. घड्याळं दुरुस्त करणारा हा सद्गृहस्थ एकतीस वर्षं शेपटं जोडत आला होता. त्याने कधी कुरकुर केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

बाईंनी वही उघडून प्रश्न वाचून दाखवला, “वनस्पतीच्या वस्तुमानवृद्धीचा स्रोत सकारण स्पष्ट करा.”

“हे मुलांना विचारणार की आरोपीला?”

बाईंनी खोडलं. “झाडाला वाढायला नुसती माती पुरते का?”

“‘नाही’ म्हटलं की पोरं सुटली.”

बाई वैतागल्या. खिडकीकडे हात करून म्हणाल्या, “अहो, ही कुंडी आणली तेव्हा रोप बोटभर होतं. आता खिडकी झाकलीय त्याने. माती आहे तेवढीच आहे. मग एवढं झाड आलं कुठून?”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. “खरंच की गं! कुठून?”

बाईंनी तेच लिहून घेतलं.

शनिवारी त्या कुंडी घेऊनच वर्गात शिरल्या. प्रश्न विचारला आणि गप्प उभ्या राहिल्या. उत्तर जिभेच्या टोकावर नाचत होतं. मुठीतला खडू मोडला, पण बाई बोलल्या नाहीत.

“बाई, पाण्यातून?”

“मग वाळलेलं लाकूड जड कसं?” दुसऱ्याने अडवलं.

“हवेतून!”

“हवेला वजन असतं होय रे? फुगा उचलून बघ!”

“तू भरलेला सिलिंडर उचल!”

अशी जुंपली की घंटा झाली तरी कोणी उठेना. मुख्याध्यापिकांच्या कागदावर एकच रेघ होती.

“दहावी तुमचीच,” त्या दाराशी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “पण बाई... हवेतूनच ना?”

“तुम्हाला काय वाटतं?” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी गॅस पेटवून त्यांनी सवयीने सुरुवात केली, “आज भाजी वांग्याची कर...” आणि थांबल्या. “अहो, तुम्हाला काय आवडतं?”

नवरा शेपूट शोधू लागला. वाक्य तर पूर्ण होतं.

“भाजीत?”

“कशातही.”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “असं एकदम... थांब हं. विचार करू दे.”

बाईंनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.