टाळूतून पाहिलेलं

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. सकाळी धुकं, नऊनंतर कडक ऊन, समुद्राकडून दमट वारा.

मी सोनोग्राफीचा प्रोब बोलतोय. डॉक्टर हातात धरून अंगावर टेकवतात ते यंत्राचं टोक म्हणजे मी. माझं तोंड अंगठ्याएवढं आहे, कारण मला नवजात बाळांच्या डोक्यात बघायचं असतं. नऊ वर्षांपूर्वी मला पेटीतून काढलं, तेव्हापासून रत्नागिरीतल्या याच रुग्णालयात, बाळांच्या विभागात आहे. एकदा खाली पडलो. त्या दिवसापासून पडद्यावर एक बारीक काळी रेघ उमटते. डॉक्टरांना तिची सवय झाली आहे.

बाळाची टाळू भरलेली नसते. तेवढ्याच जागेतून मला आत दिसतं. आधी जेली, मग मी, मग पुसणं. थांबवता मला काही येत नाही.

माणसं माझ्याकडे बघत नाहीत. पडद्याकडेही नाही. ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतात.

आजचं बाळ आंजर्ल्याचं. कालच जन्मलेली मुलगी, अठ्ठावीस आठवड्यांची, वजन एक हजार वीस ग्रॅम. आई अक्षया खालच्या वॉर्डात झोपून होती, बाप जहाजावर. म्हणून गाऊन घालून अक्षयाची सासू गंगा आत आली होती.

"हा कसला चिकटा चोपडलास गो सिस्टर? आमच्यात टाळूवर खोबरेल भरतात."

"भरा हो आजी, घरी गेल्यावर," ईशा सिस्टर म्हणाली. "आता बोटसुद्धा लावायचं नाही. तीन दिवस मान सरळ."

"तीन दिवस? हिचा आजा तीन मिनिटं गप पडत नाही."

डोक्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावल्या होत्या. मेंदूत मधोमध पाण्याच्या दोन पोकळ्या असतात. इतक्या लवकर आलेल्या बाळात त्यांच्या कडेच्या रक्तवाहिन्या फार नाजूक. फुटल्या तर बहुधा पहिल्या तीन दिवसांत फुटतात. मी पाहिलं. दोन्ही पोकळ्या स्वच्छ होत्या.

"आज रक्त नाही," डॉ. खानविलकर म्हणाल्या. "शुक्रवारी परत बघू."

"येतं कशानं ते?"

"दिवस कमी, वजन कमी. आणलीत तेव्हा अंग गार होतं. श्वासाला मशीन लागलंय, रक्तदाब वरखाली होतोय. आणि आईला इंजेक्शन मिळालं नव्हतं."

"कसलं इंजेक्शन?"

"कळा लवकर आल्या की आईला देतात. त्यानं हा धोका कमी होतो. पण बाळ यायच्या काही तास आधी मिळावं लागतं."

मग गंगाने कालचं सांगितलं. कळा पहाटे सुरू झाल्या होत्या. दापोलीत गाडीचा ड्रायव्हर रामाने विचारलं, दवाखान्यात थांबायचं का. "मीच नको म्हटलं. शेवटी रत्नागिरीलाच न्यायची, तर मधे कशाला वेळ घालवा. चिपळुणातपण तेच. अक्षया म्हणत होती, आई, थांबूया." संगमेश्वरच्या पुढे गाडीतच बाळ झालं. गंगाने ते पदरात गुंडाळून आणलं.

"ते इंजेक्शन दापोलीत मिळालं असतं?"

"मिळालं असतं."

"मोठं काही असतं?"

"नाही. साधं. मांडीत देतात."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. ढगाळ, उकाडा. सकाळपासून बाळ मलूल होतं. डावी पोकळी भरून ताणली होती. रक्त मला पांढरं दिसतं.

"आलंय," डॉक्टर म्हणाल्या.

"माझ्यामुळं?"

"इंजेक्शन मिळूनही काही बाळांना येतं, आजी. न मिळून काहींना येत नाही."

"हिचं सांगा."

"हिचं मला सांगता येत नाही."

मलाही सांगता येत नाही. मला रक्त दिसतं, ते कशामुळे आलं हे दिसत नाही.

"अक्षयाला मी सांगते," गंगा म्हणाली. "ती थांबूया म्हणत होती, तेपण तुमच्यासमोर सांगते."

१८ फेब्रुवारी, मंगळवार. ऊन. डावी पोकळी नऊ मिलिमीटर रुंद झाली होती. तीनच्या आसपास असायला हवी. वाढत गेली तर आत नळी घालून पाणी काढावं लागतं. अक्षया भिंत धरत चालत आली. गंगा दाराशीच थांबली होती. अक्षयाने बराच वेळ बाळाकडे पाहिलं, मग मागे न वळता म्हणाली, "आई, हात धुतलेत ना? मग इकडं या, अशा लांब काय उभ्या राहता."

त्यानंतर दर आठवड्याला मी टाळूवर टेकलो. सासू-सुना शेजारी उभ्या राहून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायच्या.

मला एकच मागायचं आहे. दिवस भरायच्या आत कळा आल्या तर वाटेतल्या पहिल्या दवाखान्यात थांबा. ते इंजेक्शन मिळतं का विचारा. मग पुढे जा.

५ एप्रिल २०२५, शनिवार. आकाश निरभ्र, तापमान तेहतीस अंश. डावी पोकळी नऊ मिलिमीटर, वाढलेली नाही. उजवी तीन. नळी घातलेली नाही. वजन एक हजार सातशे ऐंशी ग्रॅम. दुपारी सव्वाबाराला बाळाला घरी सोडलं.