बिनलाटांचं पाणी

मित्रांनो, मी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची एक जुनी ट्यूब आहे. माझ्या काळ्या अंगावर तीन ठिगळं आहेत. पहिली दोन बाभळीच्या काट्यांमुळे लागली. तिसऱ्याची गोष्ट सांगताना आजही माझ्यातली हवा थंड पडते.

लासलगावजवळ हिरामण आबांचा मळा आहे. तिथल्या ट्रॅक्टरच्या चाकात मी तीन वर्षं काढली. कांद्याची ट्रॉली घेऊन आम्ही बाजार समितीत जायचो. मला दिसायचं काहीच नाही, नुसता लिलावाचा गलका ऐकू यायचा. पुढे टायर झिजला. आबांनी मला बाहेर काढलं आणि विहिरीत टाकलं. तेव्हा मी पहिल्यांदा आभाळ पाहिलं.

मळ्यातली सगळी मुलं माझ्यावर पोहायला शिकली. विहिरीचं पाणी गरीब होतं. पोर कुठंही वाहत गेलं तरी चार हातांवर दगडी भिंत लागायची. आबा काठावर बसून म्हणायचे, "ही ट्यूब हाय तोवर पोरांची काळजी नाय." मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

आबांचा मुलगा मयूर अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तो, त्याची बायको सरिता आणि नऊ वर्षांची मुलगी वेदिका नाशकात राहतात. गेल्या हिवाळ्यात त्यांचं अंदमानला जायचं ठरलं. वेदिका मळ्यावर आली आणि मला मिठी मारून म्हणाली, "आबा, हिला नेऊ?"

"ने की. आख्खा मळा शिकला तिच्यावर."

माझी हवा सोडली, घडी घातली आणि बॅगेत भरलं. एका छोट्या बेटावर, स्कूटर भाड्यानं देणाऱ्याकडे मला पुन्हा फुगवलं. किनाऱ्यावर नेताना वाळूतल्या एका शिंपल्याची धार मला लागली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिथं लाल-पिवळे झेंडे रोवून पोहण्याची जागा आखलेली होती. उंच खुर्चीवर जीवरक्षक बसला होता. पण तिथं गर्दी होती, लाटाही मोठ्या होत्या. वेदिका घाबरली. मयूरनं इकडेतिकडे पाहिलं. झेंड्यांच्या पलीकडे, बरंच लांब, पाण्याचा एक पट्टा अगदी शांत होता. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत होता आणि मधून गडद, गुळगुळीत वाट सरळ आत गेली होती.

"हे बघ, आपल्या विहिरीसारखं पाणी!" मयूर म्हणाला.

नारळ विकणारी रोशनी मागून ओरडली, "भैया, उधर मत उतरना! वो पानी चुप है, अच्छा नहीं है!"

"ट्यूब है दीदी, चिंता मत करो," मयूर हसून म्हणाला.

वेदिका माझ्यात बसली. पाणी मयूरच्या गुडघ्यापर्यंतच होतं. फोटो काढायला त्यानं मला सोडलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"पप्पा, ढकलू नका ना!" वेदिका खिदळली.

तिच्या मागे कुणीच नव्हतं.

माझ्या खालून वाळूचे कण सरकत होते. सगळे एकाच दिशेनं, आत. जमिनीकडून येणारा वारा माझ्या पाठीला लागला होता. झटका नाही, आवाज नाही. जणू कुणीतरी हात धरून हळूच नेत होतं. वेदिकानं वळून पाहिलं तेव्हा तिचे पप्पा तिच्या बोटाएवढे दिसत होते. आधी माणसांचे आवाज विझले, मग लाटांचे. खाली पाणी काळंनिळं झालं. मी वाट पाहत होते, आता भिंत लागेल, आता लागेल. भिंत आलीच नाही. तेव्हा मला कळलं, मी तिला सांभाळत नव्हते. मी तिला घेऊन चालले होते.

तेवढ्यात माझ्या अंगातून बारीक बुडबुडे निघू लागले. वेदिकाला ते दिसले. तिनं भोकावर अंगठा दाबून धरला.

"जाऊ नको गं," ती पुटपुटली.

किनाऱ्यावर काय घडलं ते मला नंतर सरिताच्या बोलण्यातून कळलं. मयूर पाण्यात झेपावणार तोच रोशनीनं त्याचा शर्ट घट्ट धरला. "आप भी गए तो दो को ढूँढना पड़ेगा!" असं म्हणून ती जीवरक्षकाकडे पळाली. सरितानं आमच्याकडे बोट रोखलं आणि एकदाही खाली घेतलं नाही. वाऱ्यावरून तिचा आवाज तुटक तुटक आला, "वेदू, ट्यूब सोडू नको! पाय मारू नको! हात वर कर!"

वेदिकानं एक हात वर केला. दुसऱ्या हाताचा अंगठा तसाच होता. मी मऊ पडत चालले होते.

जीवरक्षक फळीवर पालथा पडून, हातांनी पाणी कापत आला. त्यानं तिला फळीवर घेतलं. तिनं मला सोडलं नाही, म्हणून मीही मागे लोंबत राहिले. तो सरळ किनाऱ्याकडे वळला नाही. आधी किनाऱ्याला समांतर गेला, त्या शांत वाटेतून बाहेर पडला आणि फेसाळ लाटांत शिरला. त्याच लाटांनी आम्हाला काठावर आणून सोडलं.

वेदिकाचा अंगठा पांढरा पडला होता. सरितानं हळूहळू तिची बोटं सोडवली. मयूर वाळूत बसून तिचा अंगठा चोळत राहिला. जीवरक्षक त्याला म्हणाला, "जहाँ लहर नहीं टूटती, वहीं से पानी वापस जाता है."

लासलगावच्या यादव पंक्चरवाल्यानं मला तिसरं ठिगळ लावलं. सगळं ऐकून आबांनी माझ्या ठिगळावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मीच म्हनलो ना, ने म्हनून."

"नाय आबा. ती बाई सांगत होती. मीच ऐकलं नाय," मयूर म्हणाला.

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करा, पण समुद्रावर माझा भरवसा धरू नका. झेंड्यांच्या आतच उतरा. पाणी शांत दिसलं, तर तिथल्या माणसांना आधी विचारा आणि त्यांचं ऐका. पाण्यानं ओढलंच, तर त्याच्याशी झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, हाका मारा. आणि मला घरीच ठेवा. परत आलात की विहिरीवर या आणि समुद्र कसा होता ते मला सांगा. तुम्हाला परत आलेलं मला पाहायचं आहे.