कुलूप लावायचं बटण

गाडी मिळाली तर आपला फायदा काय, हे धाकट्याने आधीच मनात मांडून ठेवलं होतं. एक, बायकोचे गुडघे. स्कूटरवर मागे बसताना ती हल्ली असा सुस्कारा टाकायची, की रस्त्यावरची माणसं त्याच्याकडे वळून बघायची, जणू गुडघे त्यानेच मोडलेत. दुसरं, उन्हापावसाची सोय. तिसरं तो कुणाला सांगत नसे. दादाची गाडी दादाच्या माघारी परक्या माणसाने चालवलेली त्याला बघवली नसती.

खर्चाच्या बाजूला काहीच नव्हतं. दादा गेला त्याला वर्ष झालं. वहिनींच्या इमारतीखाली नुसती उभी राहून गाडीची बॅटरी बसेल, म्हणून त्यानेच ती तीन किलोमीटरवर आपल्या अंगणात आणून ठेवली होती. दर रविवारी पुसायची, सुरू करायची, एक चक्कर मारायची. मनाने ती कधीच त्याची झाली होती. वहिनींनी तोंडाने म्हणायचं तेवढं बाकी होतं.

त्या म्हणाल्याही. पण सरळ म्हणतील तर वहिनी कसल्या!

"न्या भाऊजी, गाडी तुमचीच आहे. पण दोन्ही रिमोट चालले पाहिजेत. तुमच्याकडचा चालतो, माझ्याकडचा बंद पडलाय. परवा मला दवाखान्यात न्यायला आलात ना, तेव्हा दाबून बघितला. गाडी ढिम्म. अर्धवट वस्तू दिलेली तुमच्या दादांना आवडली नसती."

"एवढंच ना? उद्या करून आणतो," धाकटा म्हणाला. वय अठ्ठावन्न, पण घरादारात अजून धाकटाच. मोठ्यांचं अडलेलं काम आपण चुटकीसरशी करून दाखवायचं, ही हौसही अजून तशीच.

वहिनींनी रिमोट त्याच्या हातावर ठेवला खरा, पण त्यांची बोटं जरा उशिरा सुटली. धाकट्याला वाटलं, किल्लीची कडी अडकली असेल.

घरी आल्या आल्या त्याने जेवणाच्या टेबलावर दवाखाना मांडला. फटीत नाणं घालून रिमोट उघडला. आतला सेल नवाकोरा, तरी त्याने आणखी नवा घातला. सेलखालच्या पत्र्या खोडरबराने घासल्या. अंगणात जाऊन आधी आपला रिमोट दाबला; गाडी 'टुक' करून दिवे मिचकावून मोकळी झाली. मग वहिनींचा दाबला. रिमोटचा लाल ठिपका लागला, गाडीने मात्र तोंड उघडलं नाही.

"लांबून ऐकू जात नसेल तिला," तो म्हणाला.

"मग जवळ जाऊन ओरडा," बायको दारातून म्हणाली.

तो काचेला टेकून दाबू लागला. तेही फुकट गेल्यावर त्याने रिमोट हनुवटीला लावला, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन तसाच उभा राहिला.

ही दादाची युक्ती. गाडी आली तेव्हा घराण्यातला तो पहिला रिमोट. दादा तो सगळ्यांना हनुवटीला लावून दाखवायचा. "असा धरला की दुप्पट लांब पोचतो." सगळे हसायचे. वहिनी विचारायच्या, "गाडीला कुलूप लावताय की पापा देताय?" पण खरंच पोचायचं. रोज साडेसहाला दादा ऑफिसातून यायचा, गाडी लावायचा, मागे न बघता चालू लागायचा आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर रिमोट हनुवटीला लावून बटण दाबायचा. खाली टुक झालं की चौथ्या मजल्यावर वहिनी चहाचं आधण ठेवायच्या. दादा वर येऊन बूट काढेपर्यंत कप टेबलावर. धाकटा किती तरी संध्याकाळी त्या टेबलाशी आधीच येऊन बसलेला असे. टुक ऐकून वहिनी न विचारता तिसऱ्या कपाचं पाणी वाढवायच्या.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. उद्या किल्लीवाल्याकडे जाऊन येतो."

किल्लीवाल्याचं दुकान दाराएवढंच रुंद. भिंतभर किल्ल्या टांगलेल्या. एका डोळ्याला भिंग लावून त्याने रिमोट उघडला.

"सेल नवा आहे."

"मीच घातला काल. पण आधीचाही नवाच होता. वहिनींनी घातलेला."

"गाडी त्यांच्याकडे असते?"

"नाही, वर्षभर माझ्याकडे आहे."

"मग त्यांना सेल कशाला लागतो हो?"

किल्लीवाल्याने रिमोट एका डबीसमोर धरून दाबला. डबीचा दिवा लागला. "रिमोट ठणठणीत. गाडी तुमच्या रिमोटला उत्तर देते, म्हणजे तीही ठणठणीत. दोघांची फक्त ओळख तुटलीय."

"ती कशी तुटते?"

"बटण दाबलं की रिमोट एक पाऊल पुढे जातो. गाडीने ऐकलं, की तीही बरोबर एक पाऊल टाकते. गाडी ऐकायलाच नसेल, तर हा एकटाच पुढे जात राहतो. दहावीस पावलं गाडी समजून घेते. दोनशे-तीनशे झाली की म्हणते, हा कोण बाबा? लहान पोर असतं का घरात खेळायला?"

"कुणी नाही. त्या एकट्याच असतात."

"मग हे बघा." त्याने रिमोटचं रबरी आवरण भिंगाखाली धरलं. "उघडायचं बटण कोरं करकरीत. लावायचं बटण मात्र झिजून गुळगुळीत, वरचं चित्रसुद्धा पुसलंय. उघडायचं नाहीच, नुसतं लावायचं. वर्षभर. आणि हे फटीत काय बसलंय..." त्याने बारीक ब्रश फिरवला. काचेवर पांढरी भुकटी पडली. त्याने ती बोटावर घेतली. "पीठ आहे."

धाकट्याने ते पीठ पाहिलं. साडेसहाला वहिनींचे हात पिठातच असायचे.

"दोन मिनिटांचं काम आहे," किल्लीवाला म्हणाला. दुकानासमोर गाडीत बसून त्याने किल्ली फिरवली, बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. टुक. "झाली ओळख. त्यांना सांगा, गाडी जवळ नसताना दाबत बसू नका."

"सांगतो," धाकटा म्हणाला. सांगणार नव्हता.

आता दोन्ही रिमोट त्याच्या खिशात होते. अट पुरी झाली होती, आणि अटीप्रमाणे दोन्ही त्याचेच होते. घरी बायको चपला घालून बसली असणार, पहिल्या फेरीसाठी. वहिनींना फोनवर एवढंच सांगायचं, झालं म्हणून. कोपऱ्यावर घराकडचं वळण आलं. त्याने ते जाऊ दिलं.

साडेसहाला पाच कमी असताना त्याने गाडी दादाच्या जुन्या जागी, वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावली. कुलूप न लावता तो वर गेला.

"झाला का?" वहिनींनी विचारलं. हात पिठात.

"तुम्हीच बघा."

वहिनींनी खिडकीतून खाली पाहिलं. मग हात न धुताच रिमोट घेतला, हनुवटीला लावला आणि दाबला.

खाली टुक झालं. दिवे मिचकले.

त्यांचा हात आपसूक पातेल्याकडे गेला. पाणी ओतलं, मग आणखी थोडं ओतलं. त्याच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, "चालला की. आता दोन्ही घेऊन जा."

"एक नेतो. गाडी दिवसा माझी. पण संध्याकाळी इथेच लावीन म्हणतो. आमच्या अंगणात उंदीर झालेत, वायरी कुरतडतात."

"वर्षभर नव्हते ते?"

"नवीन आलेत."

"मोठे हुशार उंदीर! आणि तुम्ही घरी कसे जाणार?"

"चालत. डॉक्टर मागेच लागलेत माझ्या. फक्त वहिनी, मी कुलूप लावायला विसरतो. तेवढं तुम्ही लावत जा वरून."

वहिनी वळल्या. पिठाचा एक ठिपका त्यांच्या हनुवटीवर होता. तो त्यांना सांगावा की नाही, हे धाकट्याला ठरवता येईना, आणि तोवर चहा उकळला.

तेव्हापासून हिशेब असा बसला आहे. गाडी धाकट्याची. गुडघ्यांची सोय झाली, फक्त संध्याकाळी सहानंतर कुठे जायचं असेल तर बायको पुन्हा स्कूटरवर, आणि तो सुस्कारा धाकट्याच्या नावावर. कुलूप वहिनींचं. चहा दोन कप, तोही वहिनींकडून. संध्याकाळी परतायचे तीन आणि सकाळी गाडी आणायचे तीन, असे रोजचे सहा किलोमीटर मात्र धाकट्याच्या पायांनी भरले.